डॉन फाब्रित्सिओ सालिना : एका कल्पित सरदारघराण्याचा अस्त

सरदारघराणी रणांगणावर पराभूत होऊन नष्ट होतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इटालियन लेखक जुझेप्पे तोमाझी दि लाम्पेदूझा (१८९६–१९५७) यांच्या 'इल गात्तोपार्दो' या कादंबरीतील सालिना घराण्याची कथा या समजुतीस छेद देते. लेखकाच्या निधनानंतर, १९५८ मध्ये, ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

कथेचा आरंभ मे १८६० मध्ये होतो. त्याच महिन्यात गारिबाल्दी सिसिली बेटावर उतरला व तेथील बूर्बों राजसत्ता ढासळू लागली. घराण्याचा प्रमुख डॉन फाब्रित्सिओ हा जर्मन मातेचा पुत्र. धिप्पाड, गौरवर्ण, गर्विष्ठ आणि खगोलशास्त्रात रमणारा. पत्नी मारिया स्तेल्ला धर्मनिष्ठ आहे. सात अपत्ये असूनही वारसाविषयी तो निश्चिंत नाही. ज्येष्ठ पुत्र पाओलो त्यास सामान्य वाटतो. ज्याच्याविषयी आशा वाटावी, तो जोव्हान्नी घर सोडून लंडनला कोळशाच्या व्यापारात कारकुनी करावयास गेला आहे. त्याचे खरे प्रेम आहे ते निर्धन परंतु चतुर भाचा तान्क्रेदी याच्यावर.

येथेच घराण्याचा पेच उभा राहतो. फाब्रित्सिओची कन्या कोन्चेत्ता हिचे तान्क्रेदीवर मन जडलेले असते. परंतु राजकारणात पुढे येऊ इच्छिणाऱ्या भाच्यास धन हवे, हे जाणून फाब्रित्सिओ नवश्रीमंत नगराध्यक्ष डॉन कालोजेरो सेदारा याच्या आंजेलिका या मुलीस स्वतःच त्याच्यासाठी मागणी घालतो. भाच्याचे भवितव्य साधते. त्याची किंमत कन्येस मोजावी लागते.

या सामाजिक स्थित्यंतराचे मूळ कथाकाळाच्या पूर्वीचे आहे. सिसिलीत सरंजामी व्यवस्था १८१२ मध्ये कायद्याने रद्द झाली होती. जहागिरीचे कायदेशीर कवच गेल्यावर जमीन विकली व वाटली जाणे सुलभ झाले, आणि सेदारासारख्यांना ती घेता येऊ लागली. फाब्रित्सिओस हे सारे उमगते. नव्या राज्याने देऊ केलेले सेनेटचे सभासदत्व नाकारून तो सेदाराचेच नाव सुचवितो.

जुलै १८८३ मध्ये पालेर्मोतील एका हॉटेलात त्याचा अंत होतो. पुत्रपौत्र हयात असूनही तो स्वतःस शेवटचा सालिना मानतो. कारण कुळाचे सत्त्व त्याच्या वेगळ्या स्मृतींत असते आणि नातवाच्या स्मृती इतर कोणाही मुलासारख्याच असणार. अखेरच्या, १९१० च्या प्रकरणात तीन अविवाहित वृद्ध कन्या उरतात. त्यांनी जपलेले संतांचे बहुतेक अवशेष खोटे ठरतात.

डॉन फाब्रित्सिओची व्यक्तिरेखा लेखकाने आपले खगोलप्रेमी पणजोबा जूलिओ फाब्रित्सिओ तोमाझी यांच्यावरून घेतली. लेखकाचा पालेर्मोतील वाडा एप्रिल १९४३ मध्ये बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला आणि त्यांना औरस संतान नव्हते. म्हणजे शेवटचा वारस असण्याची व्यथा त्यांची स्वतःचीही होती. म्हणूनच या कादंबरीकडे घटनांचा दस्तऐवज म्हणून न पाहता, सत्ता हातातून जाताना ती गमावणाऱ्यास काय वाटते, याची साक्ष म्हणून पाहणे योग्य ठरेल. जहागीर वारसांत वाटता येते. स्मृती मात्र तशी वाटता येत नाही. वाडा गेला, वंश थांबला, आणि स्मृती तेवढी कल्पित नावाने उरली.