म्युनिकचं भाडं आणि ६३ युरोंचा पास
परदेशातला संसार : लेखांक ६

मागच्या लेखांकात पगाराच्या चिठ्ठीतली कापाकापी पाहिली. कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा हे सगळं जाऊन हातात जे उरतं, त्याचा सगळ्यात मोठा लचका घरभाडं तोडतं. म्युनिकला निघालेल्या मुलाला घरचे विचारतात तांदूळ मिळतो का, डाळ केवढ्याला पडते. आणि तोही बिचारा नेटवर तूरडाळीचे भाव बघत बसतो. किराण्यापायी इथे कुणाचं बजेट कोसळलेलं मी पाहिलेलं नाही. दूध, अंडी, भाजी आल्डी-लिडलमधून आणि डाळ-तांदूळ महिन्यातून एकदा इंडियन किंवा तुर्की दुकानातून आणला, तर दोघांचं नीट भागतं. बजेट मोडतं ते घरापायी. आणि घराचा हिशेब प्रवासाच्या हिशेबाशिवाय सुटत नाही, म्हणून या वेळी दोन्ही एकत्र.

आधी जाहिरात वाचायला शिकू. ‘दोन खोल्या, ६० चौरस मीटर, १३०० काल्ट’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर इथे खोल्यांत धरत नाहीत, त्यामुळे हा आपल्याकडचा वन बीएचके झाला, साधारण साडेसहाशे चौरस फुटांचा. काल्ट भाडं म्हणजे नुसत्या भिंतींचं. त्यावर हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातले दिवे, लिफ्ट, दारापुढचा बर्फ काढणं असे पैसे चढले की ते वार्म होतं. वीज आणि इंटरनेट त्याहूनही वेगळं. घरं बघताना फक्त वार्म आकडा लिहून घ्यावा आणि त्यात आणखी शंभरेक युरो मिळवावेत, म्हणजे पुढे धक्का बसत नाही.

धक्का तरीही बसतोच, कारण वार्ममधला हा वरचा भाग म्हणजे फक्त आगाऊ घेतलेली रक्कम असते. वर्ष संपलं की घरमालक प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब काढतो आणि तो पाठवायला कायद्याने त्याला पुढचे बारा महिने मिळतात. म्हणजे २०२५ च्या हिवाळ्यात तुम्ही किती ऊब घेतली, याचं पत्र २०२६ च्या डिसेंबरातही येऊ शकतं. भारतातून नवीन आलेली मंडळी पहिल्या थंडीत रेडिएटरची चकती पाचावर फिरवून ठेवतात आणि फोडणीचा वास जावा म्हणून खिडकी तिरकी उघडी ठेवतात. दोन्ही एकाच वेळी. त्याचं बिल सावकाश येतं, पण येतं. इथले लोक चकती दोन-तीनवर ठेवतात आणि खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडून पुन्हा घट्ट लावतात.

अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकी घेता येते. ती तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच आहे, मात्र हे कुणी आपणहून सांगत नाही. तेराशेच्या घराला ३९०० युरो पहिल्याच महिन्यात मोजायचे की तीन महिन्यांत, याने नव्या माणसाला फार फरक पडतो. कारण त्याच महिन्यात त्याला स्वयंपाकघरही विकत घ्यायचं असतं.

हो, विकत. जर्मनीत भाड्याची कितीतरी घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. म्हणजे खोली असते, पण ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, कपाटं नाहीत. भिंतीतून नळाची दोन तोंडं बाहेर आलेली, खाली सांडपाण्याच्या पाइपाला प्लास्टिकचं बूच, एका कोपऱ्यात शेगडीच्या जोडणीचा चौकोनी डबा आणि छताला दिव्याच्या जागी लोंबणाऱ्या तारा. आधीचा भाडेकरू आपलं किचन उचलून घेऊन गेलेला असतो. ते त्याच्याकडूनच जुनं विकत घ्यायचं, नाहीतर इकेआ गाठायचं. जुन्याचा भाव ठरलेला नसतो, तिथे घासाघीस चालते आणि मराठी माणसाने तिथे मुळीच लाजू नये. उचकटून नेणं हा त्या माणसालाही तापच असतो.

घर मिळालं की घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्यानंतर काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं: महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी भरायची. पण ती डोक्यामागे नसून घरामागे असते. चौघं मुलं एकत्र राहत असतील तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. हे माहीत नसल्यामुळे चौघंही भरत बसल्याची उदाहरणं आहेत.

आता मुख्य मुद्दा. म्युनिक हे जर्मनीतलं भाड्याच्या बाबतीत सर्वांत महाग मोठं शहर आहे. जाहिरातींतले काल्ट दर चौरस मीटरला वीस युरोंच्या वर गेलेत. तासाभराच्या आतबाहेर असलेल्या ऑग्सबुर्ग किंवा लान्डशूटला हाच दर साधारण बारा-तेराच्या घरात असतो. साठ चौरस मीटरला महिन्याला चारशे युरोंहून अधिक फरक पडतो. पूर्वी हा फरक प्रवास खाऊन टाकायचा. भाडं अंतरावर होतं, लांब राहाल तसं वाढत जायचं. ऑग्सबुर्ग-म्युनिकचा मासिक पास दोनशे युरोंच्या पुढे होता. शिवाय रोजचे दोन तास जायचे. मग कोण कशाला जातंय?

२०२२ च्या उन्हाळ्यात, युक्रेन युद्धाने इंधन भडकलं तेव्हा, सरकारने जून ते ऑगस्ट असा तीन महिने नऊ युरोंचा पास काढला. देशभरातल्या कुठल्याही बसने, ट्रामने, मेट्रोने, साध्या रेल्वेने जा. लोकांना ती चटक लागली. त्यातूनच मे २०२३ पासून कायमचा डॉइचलांडटिकेट आला, ४९ युरोंचा. जानेवारी २०२५ मध्ये तो ५८ झाला, जानेवारी २०२६ पासून ६३. अंतराचा प्रश्नच नाही: घरासमोरच्या स्टॉपवरून दोन स्टॉप जा की ऑग्सबुर्गहून रोज ये-जा करा, पैसे तेवढेच. आणि म्युनिकच्या आत राहणाराही आता बहुतेक हाच पास काढतो. म्हणजे लांब राहण्याचा प्रवासखर्च, पैशांपुरता बोलायचं तर, शून्य झाला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत इथल्या नोकरदार स्थलांतरितांच्या खिशावर याच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच झालेला नाही. पगारवाढीचाही नाही. कंपनी जॉबटिकेट देत असेल तर आणखी बरं: कंपनीने निदान पंचवीस टक्के भार उचलला की वर पाच टक्के सूट मिळते. मुलाखतीत पगारावर बोलताना हेही विचारून घ्यावं.

अटी थोड्याच, पण चावणाऱ्या. हा पास म्हणजे चालू राहणारी वर्गणी आहे. बंद करायची तर त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवावं लागतं. अकराव्या दिवशी आठवलं तर पुढच्या महिन्याचेही पैसे गेले. पासावर नाव असतं, दुसऱ्याला देता येत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना तो चालत नाही. ऑग्सबुर्गहून आयसीई अर्ध्या तासात म्युनिकला पोचते, आपली साधी गाडी पाऊण तास घेते. फलाटावर समोर आलेली पांढरी गाडी सोडून देण्याचा संयम अंगी बाणवावा लागतो. स्टेशनात फाटक नाही, त्यामुळे तिकिटाशिवाय आत शिरणं सोपं आहे. साध्या कपड्यांतले तपासनीस डब्यात उठून उभे राहतात तेव्हा ६० युरो भरणंही तितकंच सोपं असतं.

म्हणून सगळ्यांनी ऑग्सबुर्गला राहावं का? नाही. कर्जत-कसाऱ्याची सवय असलेल्याला एवढ्या अंतराचं काही वाटत नाही, बसायला जागा मिळते म्हणून उलट चैनच वाटते. पण ऑफिस कुठल्या बाजूला आहे यावर सगळं आहे. ऑग्सबुर्गची गाडी पश्चिमेकडून पासिंगमार्गे मुख्य स्टेशनात येते. इन्फिनिऑनमध्ये नोकरी असेल तर ऑफिस दक्षिण-पूर्वेला नॉयबिबर्गला, जवळचं स्टेशन एस३ या उपनगरी लाइनवरचं फाझानेनपार्क. त्या माणसाने ऑग्सबुर्ग धरलं तर शहर आरपार ओलांडायचं. त्याला रोझेनहाइम बरं, तिथली गाडी पूर्वेकडच्या ओस्टबानहोफला थांबते. गार्चिंगच्या तांत्रिक विद्यापीठात शिकणाऱ्याने यू६ मेट्रोची उत्तरेकडची लाइन सोडू नये, मग खोली लहान मिळाली तरी चालेल.

शहर ओलांडणं का टाळायचं? म्युनिकच्या जवळजवळ सगळ्या एस-बान, म्हणजे उपनगरी गाड्या शहराखालच्या एकाच बोगद्यातून जातात. १९७२ च्या ऑलिम्पिकच्या वेळी तो सुरू झाला आणि आजही दोनच रूळ आहेत. त्यात एक गाडी बंद पडली, एका दाराचा बिघाड झाला, की चारी दिशांची वाहतूक लटकते. दुसऱ्या बोगद्याचं काम चालू आहे, संपण्याची तारीख पुढे-पुढे जाते आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांची गतही फार वेगळी नाही: २०२४ मध्ये डॉइच बान या जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हा तिथे उशीर धरतच नाहीत. पासधारकाला तासाभराच्या उशिरामागे दीड युरो भरपाई मिळते. ती चार युरोंच्या खाली देत नाहीत. म्हणजे निदान तीनदा तासभर अडकायचं आणि मग साडेचार युरोंसाठी अर्ज करायचा.

हा उशीर घरखर्चात शिरतो तो असा. बायर्न राज्यात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, दुकानं संध्याकाळी आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. ऑफिसातून सव्वासहाला निघालात, गाडी रखडली, आठ वाजून पाच मिनिटांनी गावात उतरलात, तर दूध नाही. मग स्टेशनातल्या महागड्या दुकानातून किंवा पेट्रोल पंपावरून. लांब राहणाऱ्यांनी शनिवारी आठवड्याचं सामान भरून ठेवावं, आणि दर महिन्याच्या चारशे युरोंच्या बचतीतून अशा संध्याकाळींचे काही युरो वजा धरावेत.

आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले की वेगळा विचार. ते रोज फिरणार नसतात. त्यांच्यासाठी बायर्न-टिकेट: पाच जणांपर्यंत एकत्र, शनिवार-रविवारी दिवसभर आणि इतर दिवशी सकाळी नऊनंतर. ते साल्झबुर्गपर्यंतही चालतं. कागदी पट्टीचं तिकीट काढलंत तर फलाटावर जायच्या आधी निळ्या यंत्रात छाप मारायला विसरू नका. छाप नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नसल्यातच जमा, आणि सत्तरीच्या माणसालाही तपासनीस तेच साठ युरो सांगतो.

गाडीबद्दल थोडक्यात: पत्ता नोंदवल्यावर भारतीय परवाना सहा महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा नव्याने द्यावी लागते, तीही ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचा नियम पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेल्यांना हमखास नापास करतो. मूल होईपर्यंत तरी मी कुणाला गाडीच्या भानगडीत पडा म्हणणार नाही.

घरावर सही करण्यापूर्वी मात्र एक काम नक्की करा. ज्या गावात घर घेताय तिथलं वेळापत्रक मंगळवारी सकाळचं नव्हे, शुक्रवारी रात्री अकरानंतरचं आणि रविवारचं बघा. मार्गावर रुळांचं काम काढलंय का, गाडीऐवजी बस सुटते आहे का, तेही बघा. घर सोडायचं तर तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पासाचे दर मात्र वरचे लोक दरवर्षी ठरवतात.

पुढच्या लेखांकात : आरोग्य विमा, आणि त्वचेच्या डॉक्टरची तारीख तीन महिन्यांनंतरचीच का मिळते.