आनंदचा जपून ठेवलेला डाव

आठवडाभर जागून प्रेझेंटेशन बनवायचं आणि ऐनवेळी मीटिंगच रद्द! झालंय ना असं? माझंही झालं. एका मुलाखतीसाठी चाळीस प्रश्न काढले होते. आदल्या रात्री मेसेज आला, 'नंतर बघू.' वैतागून फाइल डिलीट करणार, तेवढ्यात विश्वनाथन आनंदचा एक डाव आठवला.

नेदरलँड्समधलं विक आन झी, जानेवारी २०१३, टाटा स्टील स्पर्धा. समोर आर्मेनियाचा लेव्हॉन अरोनियन, तोही पांढऱ्या मोहऱ्या घेऊन. पहिली चाल पांढऱ्याची, त्यामुळे अशा बड्या लढतीत काळ्याला बरोबरीही गोड लागते. ओपनिंग होतं सेमी-स्लाव्ह. ग्रँडमास्टर लोकांच्या रोजच्या वापरातलं, कोळून प्यायलेलं. त्यात नवं काय निघणार?

निघालं ना! तेराव्या चालीला अरोनियनच्या घोड्याने काळ्या राजापुढचं प्यादं खाल्लं आणि हत्तीवर डोळा ठेवला. आनंदने हत्ती हलवलाच नाही. पंधराव्या चालीला त्याने उंटही माऱ्यात ठेवला आणि सोळाव्याला दुसरा घोडा पुढे केला. हत्ती, उंट, दोन्ही घोडे... चार-चार मोहऱ्या माऱ्यात! घ्या बॉस, काय हवं ते घ्या! अरोनियनने आधी एक घोडा घेतला, मग हत्तीही घेतला. पण तोवर आनंदचे दोन्ही उंट तिरक्या रेषांतून थेट पांढऱ्या राजावर रोखलेले होते. तेविसाव्या चालीला त्यातला एक सरकला आणि अरोनियनने हार मानली.

खरी गंमत पुढे आहे. हे काही पटावर अचानक सुचलेलं नव्हतं. मे २०१२ मध्ये मॉस्कोत बोरिस गेल्फंडविरुद्ध जगज्जेतेपदाची लढत झाली, तेव्हाची ही तयारी. ती लढत ६-६ अशी बरोबरीत सुटली आणि आनंद रॅपिड टायब्रेकमध्ये जिंकला. ही कल्पना मात्र तशीच पडून राहिली. आठ महिन्यांनी, दुसऱ्याच गड्यासमोर ती कामी आली.

तयारी दर वेळी वाचवतेच, असंही नाही हं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चेन्नईत मॅग्नस कार्लसनने आनंदचं जगज्जेतेपद हिरावलं. पण म्हणून अरोनियनविरुद्धचा तो डाव कुणी पुसून टाकत नाही.

मी फाइल ठेवली. तीन महिन्यांनी त्यातले बारा प्रश्न भलत्याच माणसाला विचारले आणि मुलाखत मस्त रंगली.

तुमचं ते रद्द झालेलं प्रेझेंटेशन कुठल्या फोल्डरमध्ये आहे?