नाकातील केस : अडथळा की पहारेकरी?

नातवंडांना दवाखान्यात आणणारे आजोबा पुष्कळदा मला विचारतात, "डॉक्टर, नाकातले केस उपटले तर श्वास मोकळा होईल का?"

नाकपुडीच्या दर्शनी भागातील हे केस धुळीचे मोठे कण अडवितात. सूक्ष्म कण आतील श्लेष्म्यात अडकतात. बालकांत हे केस नगण्य असतात. त्यांच्या चोंदलेल्या नाकाचे कारण अन्यत्र शोधावे. प्रौढांत मात्र दाट केसांमुळे श्वासाला किंचित अडथळा होऊ शकतो. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात केस कातरल्यावर श्वसन सुकर झाल्याचे आढळले.

तथापि केस उपटू नयेत. मुळाशी जंतुसंसर्ग झाल्यास, येथील नीला मेंदूलगतच्या नीलांशी जोडलेल्या असल्याने, क्वचित जीवावर बेतते. बोथट टोकाच्या कात्रीने, बाहेर डोकावणारे तेवढेच कातरावेत.