प्रगतीपट्टीची किंमत

कमांड लाइनवर पॅकेज बसवताना सरकणारी प्रगतीपट्टी फुकट मिळत नाही. कर्सर ओळीच्या सुरुवातीला आणून तीच ओळ पुन्हा लिहायची, एवढीच तिची करामत; पण प्रत्येक लिखाणाला वेळ लागतो. २०१६च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या एनपीएम कंपनीच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनात हे उघड झालं. शेकडो छोट्या पॅकेजेसच्या हालचालीगणिक पट्टी नव्याने रंगत होती. ती बंद करताच अनेकांचं काम जवळपास निम्म्या वेळात उरकू लागलं.

मग पट्टी हवीच कशाला? कारण मुका पडदा पाहून काम चालू आहे की अडकलं, हे कळत नाही आणि माणूस चालू काम मध्येच तोडतो. संगणकशास्त्रज्ञ ब्रॅड मायर्स यांनी १९८५ साली मांडलेल्या प्रयोगात बहुतेकांनी पट्टी असलेलीच पद्धत पसंत केली होती. पट्टी खोटं बोलते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. पॅकेजेसची संख्या मोजली तर ९९ टक्क्यांवर ती खिळते, कारण उरलेलं एकच पॅकेज सगळ्यांत जड असू शकतं. तरीही उपाय पट्टी काढून टाकण्यात नाही. सेकंदाला दहा-वीस वेळा रंगवणं डोळ्यांना पुरतं. टक्केवारीची खात्री नसेल तर चालू टप्प्याचं नाव दाखवावं. आणि आउटपुट फाइलमध्ये जात असेल, तर पट्टीने गप्प बसावं.