चंदीगडच्या सरकारी ऑफिसांनी भंगारात काढलेल्या खुर्च्या परदेशात लाखोंना का विकल्या जातात?

सरकारी ऑफिसातली जुनी खुर्ची आठवा. वेत फाटलेला, पाठीवर पांढऱ्या रंगात खात्याचं नाव आणि नंबर. चंदीगडमध्ये अशाच खुर्च्या गच्चीवर ढीग लावून पडल्या होत्या. आज त्यांची एकेक जोडी पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावात लाखो रुपयांना जाते.

तर झालं असं, फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि इकडच्या पंजाबला राजधानीच उरली नाही. मग चंदीगड हे नवं कोरं शहर उभं राहिलं. आराखडा ल कार्बुझिए यांचा, पण १९५१ पासून १९६५ पर्यंत तिथेच राहून काम उभं केलं ते त्यांचे चुलतभाऊ पिएर जानेरे यांनी.

इमारती झाल्या, पण बसायचं कशावर? हायकोर्ट, सचिवालय, विद्यापीठ, लायब्ररी, सगळीकडे फर्निचर लागणार होतं, तेही हजारोंनी आणि स्वस्तात. जानेरे आणि उर्मिला युली चौधरी यांच्यासारख्या भारतीय सहकाऱ्यांनी इथल्या सुतारांना जमेल असं डिझाइन केलं. लाकूड सागवान किंवा शिसम, उकाड्यात हवा खेळावी म्हणून वेताची बैठक, आणि उलट्या व्ही आकाराचे जाडजूड पाय. तीच त्यांची ओळख बनली.

पुढे प्लास्टिक आणि लोखंडी फर्निचर आलं. जुनं मोडकं सामान सरकारनेच लिलावात काढलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी फ्रेंच व्यापाऱ्यांनी ते रीतसर, पावती घेऊन उचललं, दुरुस्त केलं, पॉलिश मारलं. पाठीवरचा तो पांढरा नंबर मात्र बऱ्याचदा तसाच ठेवला. कारण खुर्ची अस्सल चंदीगडची आहे, याचा तोच पुरावा! कारकुनाने हिशोबासाठी रंगवलेल्या आकड्यांनी किंमत वाढवली.

जाग आली तेव्हा बराच माल गेला होता. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा वस्तूंच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घातली. पण आधीच पावतीवर विकलेली वस्तू परत मागायची कशी? परदेशात लिलाव जाहीर झाला की चंदीगडहून पत्रं जातात, लिलाव बहुतेक वेळा होतोच.

त्यात कायद्याची मेख आहे. १९७२ च्या कायद्यानुसार अशी वस्तू 'पुरावशेष' ठरायला १०० वर्षं जुनी असावी लागते. यातल्या सगळ्यात जुन्या खुर्च्यासुद्धा १९५० च्या दशकातल्या आहेत.