स्टेटर ग्रोमेट

स्टेटर ग्रोमेट हे मोटारसायकलच्या स्टेटरच्या वायरी इंजिनाच्या आवरणातून बाहेर पडतात त्या खाचेत बसवलेले रबरी सील होय. गॅरेजमध्ये स्टेटरला 'मॅग्नेट कॉइल' असेही म्हणतात. अनेक मोटारसायकलींत हे सील वायरींसह स्टेटरचाच भाग म्हणून येते आणि सुटे मिळत नाही. त्यामुळे जुन्या गाडीत कॉइल शाबूत असूनही केवळ रबरासाठी पूर्ण स्टेटर बदलण्याची वेळ येते. त्याला पर्याय म्हणून हे सील हाताने बनवले जाते.

कार्य आणि बिघाड

बहुतेक चार-स्ट्रोक इंजिनांत फ्लायव्हील व स्टेटर तेलाच्या शिंतोड्यांत काम करतात. कव्हर बोल्टने आवळल्यावर ग्रोमेट इंजिन केस व कव्हर यांच्यामध्ये दाबले जाते आणि या दाबामुळेच खाच बंद राहते. ग्रोमेटसाठी सामान्यतः तेलरोधक नायट्राइल रबर वापरतात, पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तेही कडक होऊन आक्रसते. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगत असल्याने येथे निरुपयोगी ठरते. गळणारे तेल मागच्या टायरवर पोहोचल्यास गाडी घसरण्याचा धोका असतो. वायरीचे आवरण धातूच्या कडेवर घासले गेल्यास शॉर्ट सर्किटही होते.

पर्यायी सील बनवणे

जुने रबर नमुना म्हणून जपून ठेवले जाते. मात्र ते आक्रसलेले असल्याने मापे खाचेवरूनच घेणे योग्य. साचा लाकडाचा, अ‍ॅल्युमिनियमचा किंवा प्लास्टरचा करतात. काही वेळा कव्हरची खाचच मोम लावून साचा म्हणून वापरली जाते.

नळीतून मिळणारे एक-घटक सिलिकॉन हवेतील बाष्पाने पृष्ठभागाकडून आत घट्ट होत जाते. बंद साच्यातील जाड थर त्यामुळे दीर्घकाळ ओला राहतो. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन घट्ट होताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडते, जे तांब्याला गंजवते. म्हणून 'न्यूट्रल क्युअर' प्रकार वापरला जातो. दोन घटक मिसळून वापरायचे सिलिकॉन जाड भागातही नीट घट्ट होते. त्यातील प्लॅटिनम उत्प्रेरकाच्या प्रकाराला गंधक चालत नाही. गंधकाने व्हल्कनाइझ केलेल्या जुन्या ग्रोमेटचा ठसा त्यात घेतल्यास पृष्ठभाग चिकटच राहतो.

खरी अडचण खाचेपेक्षा वायरींपाशी असते. वायरींवरची बाहेरची नळी तशीच राहिल्यास तेल तिच्या आतून वाट काढते, म्हणून सीलच्या लांबीपुरती ती काढून टाकतात. मग वायरी अल्कोहोलने स्वच्छ करून एकमेकींपासून सुट्या मांडतात, जेणेकरून प्रत्येकीभोवती सिलिकॉन पोहोचेल. साच्याचे सिलिकॉन वायरींना फारसे चिकटत नाही. त्यामुळे आधी वायरींवर चिकटणाऱ्या न्यूट्रल सिलिकॉनचा पातळ थर देऊन तो पूर्ण वाळू देतात आणि मगच साचा भरतात. टेफ्लॉनचे आवरण असलेल्या वायरींवर मात्र सिलिकॉन धरत नाही.

सील खाचेपेक्षा किंचित उंच ठेवले जाते, पण फार उंच नाही. रबराचा आकार दाबाने बदलतो, आकारमान जवळपास बदलत नाही. फुगायला जागा न मिळाल्यास कव्हर टेकत नाही आणि शेजारचे पॅकिंग गळू लागते. अशा वेळी बोल्ट जोराने आवळल्यास कव्हरचा कान तुटण्याची शक्यता असते.

तेलाचा आतला मार्ग

सील निर्दोष असूनही कपलरमध्ये तेल आढळू शकते. केशाकर्षणाने तेल वायरीच्या आतील तारांच्या पोकळीतून सरकत जाते. उपाय म्हणून सीलच्या आत येणाऱ्या भागात वायरीचे थोडे आवरण सोलून तारांत कथील पूर्ण मुरवतात आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवतात. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते, त्यामुळे इंजिन पेट्रोलने धुण्याची गॅरेजमधील सवय अशा सीलला मानवत नाही.