आधी हायड्रोजन, मग मिथेन

डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीभर स्पेंट वॉश तपासला. मळी आंबवून अल्कोहोल काढलं की मागे उरणारं गरम, काळपट, आंबूस पाणी म्हणजे स्पेंट वॉश. एक लिटर अल्कोहोलमागे ते आठ ते पंधरा लिटर निघतं. दिवसाला 30 हजार लिटर अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीत रोज तीनेक लाख लिटर. ओढ्यात सुटलं तर त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

त्याच सेंद्रिय पदार्थांत ऊर्जा आहे. बहुतेक साखर यीस्टने खाल्लेली असली तरी थोडी साखर आणि ग्लिसरॉल उरतंच. हवा नसलेल्या टाकीत क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू ते खातात आणि हायड्रोजन सोडतात. अडचण अशी, की या टाकीत विरजण म्हणून घालतात त्या मिथेनच्या डायजेस्टरच्या (वायू तयार करणाऱ्या बंद टाकीच्या) गाळात मिथेन करणारे सूक्ष्मजीवही असतात आणि ते हा हायड्रोजन फस्त करतात. म्हणून विरजणाचा गाळ आधी उकळतात. मिथेनवाले मरतात, क्लॉस्ट्रिडियम बीजाणू होऊन तग धरतो. मग सामू 5.5 च्या आसपास ठेवायचा आणि पाणी टाकीत फार वेळ थांबू द्यायचं नाही, म्हणजे सावकाश वाढणारे मिथेनवाले पुन्हा जम बसवत नाहीत. खरगपूरच्या आयआयटीत देबब्रत दास यांच्या गटाने जैविक हायड्रोजनवर दीर्घकाळ काम केलं आहे.

मात्र एक मर्यादा जिवाणूंच्या शरीरक्रियेतच आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून हायड्रोजनचे बारा रेणू मिळू शकतात. या आंबवण्यात जास्तीत जास्त चार मिळतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. बाकी ऊर्जा अ‍ॅसेटिक, ब्युटिरिक आम्लांत अडकून राहते. नुसत्या हायड्रोजनसाठी प्रकल्प उभारणं म्हणूनच मला पटत नाही. आपल्या ऊसपट्ट्यात अनेक डिस्टिलऱ्यांकडे मिथेनचे डायजेस्टर आहेत. हायड्रोजनची लहान टाकी त्यांच्या आधी बसवावी. तिथून येणारी आम्लं हेच मिथेनवाल्यांचं खाद्य. डायजेस्टरनंतरही पाण्यात पोटॅश उरतं. ते शेताला हवंच आहे.

स्पेंट वॉशमध्ये सल्फेट भरपूर, त्यामुळे वायूत हायड्रोजन सल्फाइड येतो. तो धुऊन काढायलाच हवा. विषारी असतो आणि लोखंड खातो. या खर्चात कुणी काटकसर करू नये, असं मी कळकळीने सांगते.

आणि हा हायड्रोजन लगेच बसमध्ये भरायची घाई नको. शुद्ध करून दाबाखाली साठवणं महाग पडतं. योग्य बर्नर बसवून तो मिथेनसोबत कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जाळावा. तेवढा बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, वाचेल.